एक जूनचे प्रवासी

मानवजातीने पृथ्वी पादाक्रांत केली ती तारुण्याच्या, साहसाच्या आणि अज्ञाताच्या ओढीच्या बळावर, असं इतिहास सांगतो. २०४८ साली ती दुसऱ्यांदा पादाक्रांत झाली, तेव्हा मानवजातीच्या गुडघ्याला पट्टा होता, पिशवीत लसूण-शेव होती आणि बसमध्ये खिडकीची जागा कुणाची यावरून दोन तट पडले होते.

कारण साधं होतं. तरुण कमी उरले होते. जे होते ते कामावर होते, आणि सुट्टी मिळाली की झोपत. उलट धुळे, लातूर, सेलम, तसंच जकार्ता आणि अदिस अबाबा अशा ठिकाणी सत्तरीच्या आसपासची, पेन्शन असलेली आणि एकुलतं अपत्य लांब असलेली माणसं एवढी वाढली होती, की जगातल्या दर तीन परदेशी पर्यटकांतला एक कुठल्या तरी ‘विकसनशील’ देशातला म्हातारा असे. स्वित्झर्लंडच्या हॉटेलांत पहाटे पाचला प्यायला गरम पाणी मिळू लागलं. पॅरिसमध्ये जिन्यांना दोन्ही बाजूंनी कठडे आले.

यजमान देशांची अडचण एकच होती. पाहुणा आला तर हवा होता, आजारी पडला तर नको होता. म्हणून उत्तरेकडच्या आठ देशांनी मिळून नियम केला: कागदावरचं वय काहीही असो, शरीराचं वय पंच्याहत्तरच्या आत असेल तरच व्हिसा. या शरीराच्या वयाला सरकारी भाषेत ‘देहवय’ म्हणत. ते मोजणाऱ्या यंत्राला आयुमापक म्हणत. लोक त्याला चित्रगुप्त म्हणत.

धुळ्याच्या देवपुरात राहणाऱ्या पुष्पलता देवरे यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं भूगोल शिकवला. त्यात छत्तीस वेळा नॉर्वे आला. दरवर्षी त्या निळ्या खडूने त्याचा किनारा काढत आणि पोरांना विचारत, “उंदराने कुरतडलेली भाकरी पाहिलीय ना? तसा हा किनारा. कुरतडलेल्या जागेत समुद्र शिरतो, त्याला फियॉर्ड म्हणतात.” बाईंनी स्वतः पाहिलेला समुद्र अलिबागचा होता. फियॉर्ड एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढी एकच इच्छा त्यांनी आयुष्यात मनात धरली होती. बाकीच्या इच्छा घरच्यांनीच त्यांच्या वतीने धरलेल्या होत्या.

त्यांचे यजमान भास्करराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. त्यांचं मत होतं, “डोंगरात शिरलेलं पाणी बघायला एवढं लांब कशाला? अक्कलपाडा धरण आहे की.”

पण येत्या मे महिन्यात लग्नाला पन्नास वर्षं होत होती. बाईंनी दोन पर्याय ठेवले. “एक तर नॉर्वे, नाहीतर हॉल घेऊन सत्कार, शाल-श्रीफळ आणि तुमच्या भाच्याचं सूत्रसंचालन.”

भास्कररावांनी नॉर्वे निवडला.

जानेवारीत दोघं ‘सुवर्णपथ टूर्स’च्या कचेरीत चाचणीला गेले. चित्रगुप्त इस्त्रीएवढा होता. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब काचेवर ठेवायचा, चार मिनिटं थांबायचं. कचेरीतली अनाया नावाची मुलगी हे सगळं हसतमुखाने करत असे. हसतमुख राहणं हे तिच्या करारातच होतं.

“काका, सत्तर!” अनाया म्हणाली.

“काय सत्तर?”

“तुमचं देहवय. कागदावर शहात्तर, पण शरीर सत्तरचं. अभिनंदन!”

भास्कररावांनी यंत्राकडे आदराने पाहिलं. “चांगलं दिसतंय मशीन. जपानी का?”

“आपलंच आहे काका, पुण्याचं.” तिने दुसरी काच सरकवली. चार मिनिटांनी ती पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “काकू, तुम्ही जरा बसता का?”

“मी बसलेलीच आहे.”

“हो, तेही बरंय. काकू, तुमचं अठ्ठ्याहत्तर आलंय.”

पुष्पलताबाई कागदावर त्र्याहत्तर वर्षांच्या होत्या. त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, दुसरी कुणी काकू उभी आहे का. कुणी नव्हतं.

“पुन्हा करा,” त्या म्हणाल्या.

पुन्हा केलं. अठ्ठ्याहत्तर. तिसऱ्यांदा दुसऱ्या हाताचं बोट दिलं. अठ्ठ्याहत्तर पूर्णांक एक.

भास्करराव मनातल्या मनात वजाबाकी करत होते. “म्हणजे ही माझ्यापेक्षा आठ वर्षांनी...”

“मोठ्या आहेत, हो,” अनाया म्हणाली. “शरीराने म्हणजे. काका, तुमचा व्हिसा होईल. काकूंचा नाही. सॉरी काकू.” सॉरी म्हणतानाही ती करारानुसार हसली.

बाहेर पडताना भास्कररावांनी बायकोचा कोपर धरला. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच.

“पायरी आहे,” ते म्हणाले.

“दिसतेय मला.”

“या वयात दिसेलच असं नाही.”

हा धक्का एकट्या देवरेबाईंना बसला नव्हता. धुळ्यात त्या महिन्यात दर दहा पुरुषांतले नऊ उत्तीर्ण झाले आणि दर दहा बायकांतल्या दोन. जळगाव, नाशिक, सोलापूर, सगळीकडे तेच. नवरे निघाले तरुण, बायका निघाल्या म्हाताऱ्या. वर्तमानपत्रांनी याचं कारण ताबडतोब शोधलं: कष्ट. धूर, डोक्यावरचं पाणी, बाळंतपणं, उरलंसुरलं खाणं. कारण इतकं खरं वाटत होतं की कुणी पुढचा प्रश्नच विचारला नाही. महिला संघटनांनी निवेदन दिलं. सरकारने समिती नेमली. समितीला दमदार माणसं हवीत म्हणून तिच्यात सगळे पुरुष घेतले.

आयुमापक स्वस्त होता, त्यामुळे इथिओपियापासून इंडोनेशियापर्यंत तोच वापरत. तिथेही नवरे तरुण आणि बायका म्हाताऱ्या ठरल्या. पर्यटनाच्या एका जागतिक परिषदेत अहवाल वाचला गेला, की उदयोन्मुख देशांतल्या ज्येष्ठ स्त्रियांना परदेशी प्रवासाची मुळात आवड कमी असते. टाळ्या पडल्या. विमानं म्हाताऱ्या पुरुषांनी भरून उडत होती आणि त्यातल्या निम्म्यांना आपली गोळी कुठल्या कप्प्यात ठेवलीय हे फोन करून घरी विचारावं लागत होतं.

आता हे यंत्र वय कसं ओळखतं, ते सांगायला हवं. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबच लांब धागा असतो. त्यावर ठिकठिकाणी मिथाइल नावाचे बारीक रासायनिक कण चिकटतात, काही ठिकाणचे गळून पडतात. वय वाढतं तसतसा हा नकाशा ठरावीक तऱ्हेने बदलत जातो. समजा, एखाद्या घरात दरवर्षी नवं कॅलेंडर लावताना नवा खिळा ठोकतात. पंचवीस वर्षांनी भिंतीवरची भोकं पाहून सांगता येईल, हे बिऱ्हाड इथे किती वर्षं राहिलंय. मात्र कुणी दर वर्षी एक खिळा ठोकतं, कुणी दोन. म्हणून आधी अशी हजारो घरं बघावी लागतात, ज्यांत कोण किती वर्षं राहिलं हे पक्कं ठाऊक आहे. त्यावरून भोकांचा आणि वर्षांचा मेळ बसवायचा, मग अनोळखी घरात शिरायचं.

युरोपातल्या रक्तावरून बसवलेला मेळ आपल्याकडे चुकत होता. म्हणून पुण्याच्या एका प्रयोगशाळेने खानदेशातल्या एक्केचाळीस हजार वृद्धांचं रक्त घेतलं, त्यांच्या जन्मतारखा घेतल्या आणि यंत्राला शिकवलं: असं रक्त म्हणजे एवढं वय. बायकांचं कोष्टक वेगळं, पुरुषांचं वेगळं. शास्त्र पक्कं होतं. रक्तही खरं होतं.

इकडे देवरे यांच्या घरात सत्तर आणि अठ्ठ्याहत्तर राहू लागले.

भास्कररावांनी गुडघ्याचा पट्टा काढून कपाटात टाकला. पांझरेच्या काठाने रोज चार किलोमीटर चालू लागले. मिशीला कलप लावला. ‘सुवर्णपथ’ने एकट्या नवऱ्यांसाठी खास सहल काढली होती, तिला गावात ‘अहो बॅच’ म्हणत. भास्कररावांनी तिच्यात नाव घातलं, लोकरी टोपी आणली आणि ती घालून आरशासमोर उभे राहिले.

“तुम्हाला तर जायचंच नव्हतं,” बाई म्हणाल्या.

“तेव्हा मी शहात्तर होतो.”

पुष्पलताबाईंचं उलटं झालं. महिन्याभरात त्या जिना उतरताना कठडा धरू लागल्या. रिक्षातून उतरताना ‘आई गं’ म्हणू लागल्या. शेजारच्या मंदाकाकू, ज्या खरोखरच ऐंशीच्या होत्या, बाईंची चौकशी करायला आल्या आणि जाताना “जपा बाई” म्हणाल्या. त्या दिवशी बाई घाबरल्या. आकड्याला एवढी ताकद असते हे गणिताच्या शिक्षकांनी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

घाबरल्यावर पुष्पलताबाई जे नेहमी करत तेच त्यांनी केलं. मूळ पुस्तक उघडलं. कोणताही शोधनिबंध आता एका बोटाने मराठीत वाचता येत असे. तरी वाचत कुणी नसे. बाईंनी आयुमापकाचा निबंध पहिल्या पानापासून वाचायला घेतला आणि तिसऱ्या दिवशी, दुपारचा चहा निवत असताना, त्या पान एकशे चौदावरच्या आलेखापाशी आल्या.

एक्केचाळीस हजार माणसं वर्षातल्या कुठल्या दिवशी जन्मली, त्याचा आलेख होता. रेघ बारा महिने जमिनीलगत चालली होती. फक्त एका दिवशी ती एकदम उभी राहून पानाच्या वरच्या कडेला टेकली होती. एक जून. सतरा हजार सहाशे माणसं.

खाली शास्त्रज्ञांनी स्पष्टीकरण दिलं होतं: ‘या प्रदेशातील लोकसंख्येत प्रजननाचा अतितीव्र हंगाम आढळतो. गर्भधारणा प्रामुख्याने सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात होते. पिके उभी असताना शेतकरी दांपत्यांना मिळणारी फुरसत हे यामागील कारण असावे.’

पुष्पलताबाईंनी तो परिच्छेद दोनदा वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. मग प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. मैत्रेयी परांजपे यांना फोन लावला. डॉक्टरबाई पडद्यावर आल्या. पन्नाशीच्या, विद्वान आणि घाईत.

“मॅडम, ते सप्टेंबरचं कुणी लिहिलं?” पुष्पलताबाईंनी विचारलं.

“मीच. फार रंजक निरीक्षण आहे ते. जगात कुठेच एवढा टोकदार हंगाम सापडत नाही.”

“माणसं आहेत ती, मॅडम. बेडूक नाहीत.”

डॉक्टरबाई थोड्या दुखावल्या. “आकडेवारी तर स्पष्ट आहे.”

“ती तारीख हेडमास्तरांनी टाकलीय. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराला हाताला धरून आणायचा. जन्मतारीख कुणाला माहीत? मग गुरुजी पोराला सांगायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कानाला बोट लागलं की सहा वर्षं पूर्ण. लिही एक जून.”

पडद्यावर डॉक्टरबाईंचा हात नकळत वर गेला, डोक्यापर्यंत आला आणि तिथून खाली आला.

“बरं,” त्या शेवटी म्हणाल्या, “पण या चुका दोन्ही बाजूंना होतील ना? कुणाचं वय जास्त लागेल, कुणाचं कमी. चाळीस हजारांत त्या एकमेकींना खोडून काढतात.”

“खोडल्या असत्या, गुरुजी एकटे असते तर. शेजारी बाप उभा असायचा. पोरगा असला की म्हणायचा, गुरुजी, चार वर्षं कमी टाका, पुढं नोकरीत कामाला येतील. पोरगी असली की म्हणायचा, जरा वाढवून टाका, लग्नाच्या वेळी कागद अडायला नको. माझंच बघा. माझ्या थोरल्या बहिणीला सोबत हवी म्हणून मला तिच्याच वर्गात बसवलं. दोघींची जन्मतारीख एकच आहे. आम्ही जुळ्या नाही. आमच्यात दोन वर्षांचं अंतर आहे.”

आता डॉक्टरबाई घाईत दिसत नव्हत्या. “म्हणजे आम्ही यंत्राला दाखवलेल्या बायका कागदापेक्षा खरंतर लहान होत्या.”

“हो.”

“आणि त्यांचं तरुण रक्त दाखवून आम्ही यंत्राला सांगितलं, हे म्हातारं रक्त आहे. आणि पुरुष कागदापेक्षा मोठे होते, त्यांचं म्हातारं रक्त...” त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, पण प्यायल्या नाहीत. “हे यंत्र एकोणसाठ देश वापरतात, बाई.”

“कानाला हात लावून,” पुष्पलताबाई म्हणाल्या.

दुरुस्तीसाठी पुरावा हवा होता. जन्माच्या वेळीच कुणीतरी लिहून ठेवलेली खरी तारीख, निदान दोन हजार जोडप्यांची.

“दवाखान्याची नोंद असेल?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“घरी जन्मलो आम्ही. दाईला लिहिता येत नव्हतं.”

“मग दुसरं काय?”

“पत्रिका. जन्मपत्रिका. लग्नात जुळवायला लागते म्हणून बहुतेक घरांत कपाटात असते.”

डॉ. परांजपे यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “बाई, मी वीस वर्षं अंधश्रद्धेविरुद्ध व्याख्यानं देतेय.”

“भविष्य नका वाचू, मॅडम. वरची तारीख तेवढी वाचा.”

फोन ठेवण्यापूर्वी डॉक्टरबाईंनी अंदाज सांगितला. बायकांचं देहवय चार वर्षांनी उतरेल. पुरुषांचं सहा वर्षांनी चढेल. पुष्पलताबाईंना वजाबाकी करायला वेळ लागला नाही. त्या चौऱ्याहत्तर, म्हणजे नॉर्वे. मग त्यांनी बेरीज केली. सत्तर आणि सहा.

हॉलमध्ये भास्करराव लोकरी टोपी घालून बैठका काढत होते.

गोदरेजच्या कपाटात, शालूच्या खाली, लाल कापडात गुंडाळलेल्या दोन पत्रिका होत्या. बाईंनी त्या काढून पलंगावर उलगडल्या. लग्नाच्या वेळी भटजींनी छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळवले होते. साल मात्र कुणी वाचलं नव्हतं. शके १८९८, पोळ्याचा दिवस: बाई कागदापेक्षा दोन वर्षांनी लहान. शके १८९०, त्रिपुरी पौर्णिमा: भास्करराव कागदापेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी मोठे. म्हणजे पन्नास वर्षं ज्याला तीन वर्षांचं अंतर म्हणत होते, ते आठ वर्षांचं होतं.

भास्करराव दारात उभे होते. त्यांनी फोनवरचं सगळं ऐकलं होतं.

“ठेव ते परत,” ते म्हणाले.

“का?”

“मोठ्यांचं ऐकावं, असं तूच शिकवायचीस ना पोरांना?”

“मग ऐका. सध्या मी अठ्ठ्याहत्तरची आहे.”

ते पलंगाच्या कडेला बसले. टोपी काढून हातात घेतली. “हे बघ, तुला तो फियॉर्ड बघायचाय. मला तसलं काही बघायचं नाही. मला नुसतं जायचंय. डेपोत एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या. सुरत सुटली, इंदूर सुटली, पुणे सुटली. मी तिथंच. त्या पोरीने सत्तर म्हटलं, आणि मला पहिल्यांदा वाटलं, आपली पण गाडी लागली फलाटाला. तू एक कागद पाठवणार आणि मला उतरवणार.”

बाईंना हे ठाऊक नव्हतं. पन्नास वर्षांत त्यांनी हे वाक्य ऐकलं नव्हतं, आणि नेमकं आता ऐकावं लागल्याने त्या हादरल्या. यंत्र खोटं होतं, पण नवऱ्याच्या डोळ्यांतला उजेड खरा होता. तो विझवायला एक बोट पुरणार होतं.

“मी जाऊन येतो,” भास्करराव समजुतीने म्हणाले. “तुझ्यासाठी फोटो आणतो. भरपूर.”

त्यांनी हे म्हणायला नको होतं.

“छत्तीस वर्षं मी पोरांना फोटोच दाखवले, भास्करराव.”

पन्नास वर्षांत बाईंनी नवऱ्याला नावाने हाक मारली नव्हती. उखाण्यातसुद्धा त्या चाचरल्या होत्या. दोघंही त्या नावाकडे, ते पलंगावर पडल्यासारखं, बघत राहिले.

मग पुष्पलताबाईंनी दोन्ही पत्रिकांचे फोटो काढले आणि पाठवले. भास्करराव बघत होते. त्यांनी हात धरला नाही.

‘निवृत्त शिक्षिका, धुळे जिल्हा’ या गटावर बाईंनी दुपारी एक निरोप टाकला. नवऱ्याची पत्रिका कुठे ठेवलीय हे कुठल्याच घरात नवऱ्याला माहीत नसतं, त्यामुळे काम सोपं गेलं. गट दुसऱ्या गटांना जोडलेले होते. आठ दिवसांत दोन हजार तीनशे जोडप्यांच्या चार हजार सहाशे पत्रिका पुण्याला पोचल्या. प्रयोगशाळेत पीएच.डी. झालेली माणसं शके आणि तिथी शिकायला बसली.

मार्चच्या नऊ तारखेला, सकाळी दहा वाजता, एकोणसाठ देशांतल्या यंत्रांत नवं कोष्टक उतरलं. आशिया आणि आफ्रिकेतले पुरुष न्याहारी आणि जेवण यांच्या मध्ये सहा वर्षांनी म्हातारे झाले. जकार्तात एक अख्खी बॅच धावपट्टीवरून परत आणली गेली. आपल्याकडे अंधश्रद्धाविरोधी मंडळींनी विज्ञान पत्रिकेवर चालवल्याबद्दल निषेध केला, आणि ज्योतिष्यांनी पेढे वाटले. यातलं कशाचंही भाकीत कुणी केलं नव्हतं, हे पेढे खाणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही. जागतिक परिषदेने नवा अहवाल काढला, की उदयोन्मुख देशांतल्या ज्येष्ठ स्त्रियांमध्ये प्रवासाची आवड अचानक निर्माण झाली आहे. टाळ्या पडल्या.

पुष्पलताबाई चौऱ्याहत्तर. भास्करराव शहात्तर.

त्या संध्याकाळी भास्कररावांचा गुडघा दुखू लागला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टा शोधला. शास्त्राच्या दृष्टीने चोवीस तासांत गुडघ्याचं काही बिघडणं शक्य नव्हतं. पट्टा बांधताना ते म्हणाले, “तू मला म्हातारं केलंस.”

“मी नाही केलं. तुमच्या आईने केलं. त्रिपुरी पौर्णिमेला, पहाटे सहा वाजून दहा मिनिटांनी.”

ते हसले नाहीत. चार दिवस बोललेही नाहीत. पाचव्या दिवशी बाईंनीच विषय काढला. “नको जाऊ का मी?”

“बुकिंग झालंय ना?”

“झालंय.”

“मग जा. गाडी लागल्यावर प्रवाशाने विचार बदलू नये, सगळं वेळापत्रक बिघडतं.” जरा थांबून ते म्हणाले, “पण मला बरं वाटलं असं समजू नकोस. वाटलेलं नाही.”

“कळतंय मला.”

“कळू दे.”

‘अहो बॅच’ रद्द झाली होती आणि त्याच तारखांना ‘अगं बॅच’ लागली होती. अनाया तितक्याच हसतमुखाने नावं लिहून घेत होती. भास्कररावांनी दोन पानी वेळापत्रक बनवलं: कुठली गोळी नॉर्वेच्या घड्याळाने घ्यायची, कुठली धुळ्याच्या. दशम्या वेगळ्या बांधायला लावल्या. लोकरी टोपी स्वतः बायकोच्या बॅगेत ठेवली.

वीस मेला सकाळी मुंबईच्या विमानतळावर जाणारी बस देवपुरातून निघाली. बेचाळीस बायका आत, बेचाळीस नवरे फुटपाथवर. नवऱ्यांच्या चेहऱ्यांवर अजूनही तोच भाव होता, अंधारात पायरी नसताना पाय टाकल्यासारखा. भास्करराव पुढे झाले, दोन्ही आरशांकडे पाहिलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

“चार मिनिटं उशीर आहे,” ते ड्रायव्हरला म्हणाले. “वाटेत भरून काढ.” आणि त्यांनी बसच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली.

बाईंनी खिडकीतून हात हलवला. त्या रडत होत्या, पण खिडकीची जागा त्यांनी सोडली नाही.

पाचव्या दिवशी दुपारी नॉर्वेतली बस एका बोगद्यातून बाहेर पडली आणि थांबली. डाव्या हाताला, पुष्पलताबाईंनी छत्तीस वेळा निळ्या खडूने काढलेली ती जागा होती. ‘सुवर्णपथ’च्या कार्यक्रमपत्रिकेनुसार फियॉर्डवर पंचवीस मिनिटं मिळतात. बसमध्ये बेचाळीस जणी होत्या आणि स्वच्छतागृहं दोन. पुष्पलताबाई रांगेत लागल्या नाहीत.